धुरा कुठाय?

चालत्या अ‍ॅपला नावं ठेवण्यात आमच्या सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल. सर म्हणजे पुसदच्या आमच्या सहा खुर्च्यांच्या ऑफिसातले सिनियर. कोडमध्ये 'डेटा-टू' असलं नाव दिसलं की एखाद्या बारशात कुणी बाळाचं नाव 'बाळ दोन' ठेवल्यासारखा चेहरा करत. डब्यात वरणाचा ओघळ भाजीकडे निघाला की लगेच मध्ये भाताचा धुरा घालत. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. सरांना तो सगळीकडे लागे.

मी घरातला पहिला पदवीधर. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर, आणि कापूस विक्रीचा नंबर लावायचं माझं अ‍ॅप सरांनी पास केलं तरच कायम होणार होती. अ‍ॅप चालत होतं. सगळं एकाच फाइलीत, अडीच हजार ओळी. सरांनी ती नुसती वरखाली सरकवली. "धुरा कुठाय बे?"

"चालून राह्यलं ना, सर."

त्यांनी मला एक निळं बटन हिरवं करायला लावलं. बटन हिरवं झालं आणि मुकुटबनच्या शेतकऱ्यांचे नंबर गायब झाले. सर शांतपणे म्हणाले, "बटनाचा बैल नंबराच्या वावरात शिरला."

मला भयंकर राग आला. चार वर्षं इंजिनिअरिंग मी काय बैल राखायला केलं होतं? त्याच रागात तीन दिवस बसून फाइल फोडली. पडद्यावर दिसणारं एकीकडे, नंबर दुसरीकडे, मेसेज तिसरीकडे. टोमणा म्हणून नावंही मुद्दाम साधी ठेवली: नंबरलावा, यादीदाखवा, निरोपपाठवा. सरांना टोमणा कळलाच नाही. ते खूश झाले.

त्याच दिवशी बाबा बाजाराच्या कामाने पुसदला आले होते, ते ऑफिसात डोकावले. बाबा चौथी शिकलेले. सरांनी त्यांना "बसा काकाजी" म्हणून माझ्या खुर्चीवर बसवलं आणि एकेक नाव वाचून दाखवलं. मी लाजेने खिडकीबाहेर बघत होतो. बाबांनी दोन फाइलींच्या मध्ये बोट ठेवलं. "हा धुरा बरा घातला तुनं."

तोवर पोरगा काय करतो असं कुणी विचारलं, तर बाबा "कम्प्युटरवर बसते" एवढंच सांगत. आता सांगतात, "धुरे घालते."

नोकरी कायम झाली. सर मात्र हैदराबादला निघून गेले, त्याचाही मला रागच आहे. डब्यात वरण भाजीत जातं, फाइल लांबत जाते, आणि शेजारच्या खुर्चीतून कुणी काही विचारत नाही.