बाल्कनीतलं सफरचंद आणि जेटीवरचा बर्फ

बाळा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या जेटीवर त्याच्याच झाडासाठी बर्फाची गोणी खांद्यावर घेऊन उभा होतो. नारळी पौर्णिमा होऊन बोटी नुकत्याच सुटलेल्या. पलीकडून त्याचा थोरला भाऊ, दादा, एवढंच म्हणाला, "बाळो गेलो रे… झोपेतच." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अरे, पण बर्फ वितळता हा!" मैत्रीत इतका छळ पृथ्वीवर दुसऱ्या कुणाचा झाला नसेल.

बाळाने वाटणीतली जमीन सोडून मालवणात फ्लॅट घेतला, तिथे सगळं बिघडलं. त्यांच्या घरची रीत अशी, की चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची जी लाकडी माटवी टांगतात, तिला प्रत्येक भावाने स्वतःच्या हातचं काहीतरी बांधायचं. दादाच्या सुपारीच्या घोसांनी माटवी वाकायची. बाळा बाजारची काकडी घेऊन गेला, तर दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "फ्लॅटवाल्यान काय बांधूचा? पंख्याचा पाता?" सगळे हसले. बाळाही हसला, पण मोदक एकच खाल्ला. मोदक वाढणाऱ्याला धाप लावणारा माणूस तो!

त्याची बाल्कनी इतकी अरुंद, की आळस द्यायचा तर एक हात शेजाऱ्याच्या घरात जायचा. म्हणून त्याने खांबासारखी सरळ वाढणारी, फांद्या न पसरणारी सफरचंदाची कलमं मागवली आणि चार कुंड्यांत लावली. मालवणात! सफरचंदाला थंडी लागते म्हणे. मी म्हटलं, "आंबोलीक नेऊन लाव." तर म्हणतो, "आंबोलीचा कशाक? माटवीक माझ्या हातचा होया." मग त्याचे गुडघे धरले म्हणून थंडीसाठी बर्फ वाहायला मला जुंपलं. मासळीच्या पेट्यांतला उरलेला बर्फ रोज कुंडीत. "कारखान्यातलो कोरो बर्फ घे रे," म्हटलं तर उत्तर तयार, "ह्या बर्फात बांगडो टिकता, मगे झाड नाय टिकाचा?" सगळ्या मालवणातल्या मांजरी त्याच्या जिन्यात बिऱ्हाड करून राहिल्या. तीन झाडं वाळली. शेवटी मी माती जिभेवर ठेवून पाहिली… इतकी खारट, की सुका बांगडा बरा! त्यावर या गृहस्थाने उपाय काय काढावा? बर्फ नळाखाली धुवायचा! मी गोणीभर आणायचा, त्याने धुऊन वाटीभर उरवायचा. चौथ्या झाडाला एकदा फूल आलं. ते बघायला मला अंघोळीतून ओढून नेलं. मी पोचेपर्यंत गळलेलं.

तेरावा झाला आणि चतुर्थी आली. सण साधाच करायचा ठरलं. आदल्या दिवशी दादा बाल्कनीत आला. झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवत राहिला. "एक पण नाय रे लागला?" मला संतापच इतका आला होता… एक फळ, बाळा! लिंबाएवढं तरी! दादाने एक आखूड डहाळी मोडली आणि माटवीवर बाळाच्या वाटणीच्या कोपऱ्यात स्वतः बांधली.

आरतीला गर्दी झाली. घर तापलं. दादाची बायको, आमच्या वयनी, एकाएकी थांबल्या आणि हवा हुंगत कडाडल्या, "गणपतीच्या दिवशी बांगडे कोणी आणल्यान गो?" सगळ्यांचे डोळे वर डहाळीकडे गेले. दादाने टाळ थांबवला नाही. डहाळीही कुणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. कुंडी म्हणे आता त्याच्या पडवीत नेली आहे.

"जेटीवर जातंस मां? बर्फ घेऊन ये… आणि धुऊन आण."