दस्तगीर गवंड्यानं उतरवलेलं जोतं

रहिमतपूरच्या पंचक्रोशीत निम्म्या विहिरींचं दगडकाम दस्तगीर गवंड्याच्या हातचं होतं. काम पुरं झालं की भिंतीवर थाप मारून तो म्हणायचा, "आता ही कयामतीलाच हलंल, त्याआधी न्हाई." लोक हसायचे, पण विश्वास ठेवायचे. होता होता दस्तगीरचाही स्वतःवर जरा जास्तच विश्वास बसला.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात लालासाहेबांनी त्याला बोलावलं. लालासाहेब मोठे ऊसवाले. त्यांच्या गुऱ्हाळावर येणारे मजूर दर साली पाल्याच्या खोपींत राहायचे. त्यांच्यासाठी सहा खोल्यांची ओळ बांधायची होती. जागा दस्तगीरनंच निवडली, ओढ्याकाठची सपाट पट्टी. दगड, वाळू, पाणी, सगळं हाताशी.

जोतं कमरेएवढं वर आलं, तेव्हा शेजारच्या रानातली साळूबाई काठी टेकत आली. सत्तरीची बाई.

"मिस्त्री, हितं नगा बांधू. माजं लगीन झालं त्या साली ओढा पार त्या चिंचंच्या बुडाला लागलता. आमची दोन म्हसरं व्हावून गेली."

"आत्ती, तवा दस्तगीर न्हवता," तो हसला. "माज्या दगडाला बघून पानीच वळसा घालंल."

म्हातारी आली तशी काठी टेकत निघून गेली.

जवळच सडकेवर मोरी बांधायचं काम चाललं होतं. त्यावर देखरेखीला एलियाजी चेऊलकर नावाचे मिस्त्री होते. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, घरीदारी मराठीच बोलणारे. शुक्रवारी दुपारी दस्तगीर नमाजला जायचा, शनिवारी चेऊलकर काम बंद ठेवायचे. "तुमचा शुक्रवार, माझा शनिवार. बिचाऱ्या खोल्यांनी आणि मोरीनं वाढायचं तरी कधी?" असं चेऊलकर म्हणायचे. दुपारी दोघं चिंचेखाली भाकरी सोडून बसत, आणि बोलणं हटकून नबींवर, देवाच्या जुन्या प्रेषितांवर यायचं. माणसं तीच, नावं थोडी वेगळी. चेऊलकरांचा मोशे तो दस्तगीरचा मुसा. मुसाला छळणाऱ्या फारो राजाला देवानं किती वेळा इशारा दिला, यावर तर आठवडाभर वाद चालला. चेऊलकर म्हणत दहा, दस्तगीर म्हणे नऊ.

"दहा म्हना नायतर नऊ," दस्तगीर म्हणाला, "त्यानं एक तरी ऐकला का?"

एका दुपारी गोष्ट प्रलयातल्या नूहच्या जहाजाची निघाली. चेऊलकरांनी त्यांच्या तोरा या धर्मग्रंथातली नोहाची सांगितली, त्याचे तिन्ही मुलगे जहाजात बसले, ते सांगितलं.

"आमच्यात आनिक एक पोरगा हाय," दस्तगीर म्हणाला. "त्यो बसला न्हाई. पानी चढाय लागलं तसा बापानं हाक मारली, 'बाळा, आत ये.' पोरगा म्हनला, 'मी डोंगरावर जातो. डोंगर मला वाचवंल.' बाप म्हनला, 'आज वाचवनारा फकस्त अल्ला हाय.' तेवढ्यात दोगांच्या मधी लाट आली अन्..."

तो बोलता बोलता थांबला. समोर त्याचं जोतं होतं, सरळ, घट्ट, एका रेषेत. डोंगर मला वाचवंल. माज्या दगडाला बघून पानीच वळसा घालंल. दोन्ही वाक्यं त्याला एकाच तोंडची वाटली. त्यानं भाकरी खाली ठेवली.

"काय झालं?" चेऊलकरांनी विचारलं.

"मिस्त्री, ह्या खोल्यांत बायका झोपतील. तान्ही पोरं झोपतील," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी तो लालासाहेबांपुढं उभा राहिला. "मालक, चूक झाली. जागा सखल हाय. सगळं उतरवून वर माळाच्या कडंला न्यायला पायजे. त्याची मजुरी माज्याकडं लागली." लालासाहेब आधी भडकले, मग कबूल झाले. एवढी वर्षं ओळख होती, पण 'चूक झाली' हे शब्द त्यांनी दस्तगीरच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले होते.

त्यानं स्वतःच्या हातांनी एकेक थर सोडवला आणि दगड बैलगाडीनं वर नेले. साळूबाईच्या दारात जाऊन "आत्ती, तुमचं खरं हुतं" म्हणून आला. तिनं त्याला ताक दिलं. पावसाळ्याच्या तोंडावर खोल्यांवर कौलं चढली.

आणि त्या साली पाऊस बेताचाच झाला. ओढा जुन्या जागेच्या जवळपासही फिरकला नाही. नूहची गोष्ट गावभर झाली होती; पारावरची माणसं विचारायची, "काय दस्तगीर, जहाज कवा बांधतुयास गड्या?"

तो रोज ओढ्यावर जाऊन पाणी बघायचा. श्रावणात एकदा चेऊलकरांना तावातावानं म्हणाला, "एकदा, निस्तं एकदा पानी त्या जाग्यावर चढाय पायजे. मग बघतो कोन हसतंय!"

"त्या जागेच्या खालच्या रानात अर्जुनाचा भुईमूग आहे, तो वाहून जाईल," चेऊलकर शांतपणे म्हणाले. "तुमच्याकडं युनूस आहे ना? माशाच्या पोटातला?"

"हाय की."

"आमच्याकडं त्याचं नाव योना. मोठ्या उपासाच्या दिवशी त्याची गोष्ट आम्ही सगळी वाचतो. निनवे शहर बुडणार म्हणून त्यानं सांगितलं. लोकांनी ऐकलं, पस्तावले, देवानं शहर राखलं. आणि योना काय करतो? शहराबाहेर रुसून बसतो! माझा शब्द खोटा पडला म्हणून. देव त्याला म्हणतो, अरे, एवढी माणसं, एवढी गुरंढोरं, त्यांची मला दया येऊ नये?"

दस्तगीरनं एकदा ओढ्याकडं बघितलं. मग त्याला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"म्हंजे आधी मी त्यो पोरगा झालो, अन् आता नबीवानी रुसलो व्हय!"

"रुसण्यापुरतेच नबी," चेऊलकर म्हणाले, आणि तेही हसू लागले.

त्यानंतर पारावर कुणी जहाजाचं विचारलं की दस्तगीर म्हणायचा, "पानी आलं न्हाई ते ब्येस झालं की, गड्या." पुढंही, तो होता तोवर, ओढा तिथवर कधी चढला नाही. गुऱ्हाळं सुरू झाली, खोल्या भरल्या. हरणाबाई नावाची एक मजूरीण त्याच हंगामात तिथं बाळंत झाली, तेव्हा कोरड्या जमिनीवर शेगडी पेटलेली बघून दस्तगीर कामावर निघून गेला. दिवसभर तो गुणगुणत होता, असं त्याचे गडी सांगत.

दोन वर्षांनी चेऊलकरांची बदली सांगलीला झाली. दस्तगीर वर्षातून एकदा गुळाची ढेप घेऊन त्यांच्याकडं जायचा. जेवणं व्हायची, पान व्हायचं, आणि मग दोघं ओट्यावर बसून नऊ की दहा यावर पुन्हा भांडत राहायचे.