म्हातारीने घर नाकारलं तेव्हा

नोव्हेंबरात आम्ही दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतला फ्लॅट सोडला आणि चाकांवरच्या घरात राहायला गेलो. मुलगी शिकायला कॅनडाला गेली होती आणि पन्नाशीला टेकलेल्या माझ्या नवऱ्याला फिरत्या घराचं वेड लागलं होतं. ते घर फिरलं मात्र एकदाच, दुबईहून शारजाच्या वाळवंटापर्यंत. तिथे नवऱ्याच्या ओळखीच्या एका अरबाचा उंटांचा फार्म आहे. त्याच्या कुंपणाला लागून मोटरहोम उभं केलं, फार्मवरून विजेची वायर आणि पाण्याची नळी ओढली आणि नवऱ्याने हात झटकले, "खलास! आता आपण मोकळे."

मोकळे म्हणजे कसे ते सांगते. पाण्याची टाकी मी भरायची. संडासाची पेटी मी ओतायची. पलंग चार फुटी, त्यावर नवरा, मी, वाळवंटातून उचलून आणलेला लांब पायांचा कुत्रा आणि चौदा वर्षांची मांजर. एकाने कूस बदलली की चौघांनी बदलायची. पहाटे अशी थंडी की पत्र्याच्या छताला आतून दव धरायचं आणि थेंब नेमका माझ्या कपाळावर पडायचा. पांघरूण कुत्र्याकडे. जानेवारी येईपर्यंत मी इतकी दमले होते की उभ्याउभ्या चहा ढवळताना डोळा लागायचा.

पण खरी जबाबदारी म्हातारीची, म्हणजे मांजरीची. तिला थायरॉइडची गोळी सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकही वेळ चुकवायची नाही, नाहीतर हृदयावर येईल, असं डॉक्टरने बजावलेलं. मांजर मुलीची. विमानतळावर ती मला मिठी मारून रडली होती, "आई, प्रॉमिस मी, यू वोन्ट लूज हर." मी छातीवर हात ठेवून वचन दिलं होतं. नाटकी बाई मी, पण ते वचन नाटकी नव्हतं.

आणि अशात मला मोटरहोममध्ये हळदीकुंकू करायची हुक्की आली. नऊ बायका दुबईहून वाट वाकडी करून येणार. त्यांनी नाक मुरडून "कुत्र्याचा वास येतो" म्हणावं? छे! संक्रांतीच्या सकाळी मी म्हातारीला टोपलीत घालून सावलीतल्या माझ्या कारमध्ये काचा उघड्या टाकून ठेवलं, पांघरुणं धुतली, पडदे धुतले, तिची गादी धुतली, जमीन दोनदा फिनेलने पुसली आणि वर कापूर जाळला. घर एखाद्या नव्या दवाखान्यासारखं घमघमायला लागलं.

बायका आल्या. एका वेळी चारच मावायच्या, बाकीच्या वाळूत जरीकाठ सावरत उभ्या.

"अगं बाई, ही तर भातुकली! बाथरूम कुठेय?"

"वहिनी, तुम्ही त्याच्याच दाराला टेकलाय."

हसून हसून कुंकू नाकावर लागलं. कुत्र्याने अर्धा डबा तिळगूळ खाल्ला आणि कोणाशीही गोड बोलला नाही. सूर्य कलताना गाड्या निघाल्या आणि मी म्हातारीची टोपली दारात आणून उघडली.

ती पायरीवर चढली. उंबऱ्याला नाक लावलं. पडदा हुंगला. मग तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला भलत्याच बिऱ्हाडी आणून सोडलंय. वळली आणि कुंपणाखालून वाळूच्या टेकाडांकडे चालू लागली. मी धावले. साडीत आणि वाळूत जेवढं धावता येतं तेवढंच. ती दिसेनाशी झाली.

नवरा ऑफिसमधून आला तेव्हा साडेसहा वाजले होते. आम्ही हाका मारल्या, खाऊचा डबा वाजवला. अंधार पडला. टेकाडांत कोल्हे असतात हे दोघांनाही माहीत होतं. सात वाजले. गोळी माझ्या मुठीत घामाने विरघळायला लागली.

फार्मचा पठाण रखवालदार टॉर्च घेऊन आला. मला तो बाजी म्हणतो, म्हणजे ताई. दारात उभं राहून त्याने नाक आक्रसलं.

"बाजी, ये क्या डाला?"

"सफाई की."

"बिल्ली आँख से नहीं, नाक से घर पहचानती है. आपने तो घर ही धो डाला."

मी पायरीवर बसले. सगळं धुतलेलं. आमच्या वासाचं घरात काय उरलं? आणि आठवलं. वरच्या कप्प्यात, तीन पिशव्यांत बांधलेले सुके बोंबील. मी मालवणची, नवरा पुण्याचा. नोव्हेंबरात मी एकदाच भाजले होते, तर तीन आठवडे वास गेला नाही आणि नवऱ्याने त्यांच्यावर बंदी घातली होती. त्या तीन आठवड्यांतच म्हातारीने हे घर आपलं मानलं होतं.

"अहो, भाजू?"

नवऱ्याने दार सताड उघडलं. "भाज. सगळे भाज."

तव्यावर बोंबील तडतडले, धूर दारातून वाळवंटात निघाला. तेवढ्यात गाडीचे दिवे! विसरलेली पर्स न्यायला एक वहिनी परत आल्या होत्या.

"संक्रांतीला बोंबील? हळदीकुंकवाच्या घरात?"

"वहिनी, शू! उद्या सगळ्यांना सांगा, आत्ता गप्प बसा."

त्या बसल्या. नवरा, वहिनी, पठाण आणि मी, चौघं थंडीत गुपचूप पायरीशी. तिसरा घाणा झाला तरी काहीच नाही. मी मुलीला फोनवर काय सांगू याची वाक्यं जुळवायला लागले होते. मग कुत्र्याने मान वर केली.

म्हातारी कुंपणाखालून आली, मिशांवर वाळू. उंबरा हुंगला. पडदा हुंगला. सावकाश आत गेली, पलंगावर चढली आणि माझ्या उशीवर बसली. साडेआठ वाजले होते. नवी गोळी मी बोंबलात दडवून दिली. तिने गोळीसकट चाटूनपुसून खाल्ली.

वहिनी पर्स आणि चार बोंबील घेऊन गेल्या. नवऱ्याने ऑफिसचा शर्ट हुंगला आणि बाहेर दोरीवर टाकला. सकाळी मी फिनेलची बाटली पठाणाला देऊ केली. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि परत माझ्या हातात ठेवली.

"नहीं बाजी. ऊँट भाग जाएँगे."