पुली मोठी करा

लेथवरचा लोखंडी कीस आम्ही रोज संध्याकाळी झाडून टाकतो. किस्से मात्र राहतात साचून. लाखांदूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पुल्या बनतात. त्या कातणारे मालक दौलतभाऊ, आणि पट्टे चढवणारा मी.

*

दौलतभाऊंकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. गिरणी हळू चालते? "मोटरची पुली मोठी करा."

एकाने मळणीयंत्राला तशी केली आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. "भाऊ, तणसासंगं धान बी उडून राहिला न!"

दौलतभाऊंनी मानही वर केली नाही. "मंग शेजाऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर ताडपत्री टाक."

*

सोमाजीच्या गिरणीचा पट्टा फार किंचाळायचा. त्याने पट्ट्याला खोबरेल तेल चोपडलं. पट्टा जागच्या जागी घसरायला लागला, गिरणी ठप्प.

मी म्हटलं, "अरे, तेल काहून लावलं?"

"आवाज तं बंद झाला न," सोमाजी म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

*

आसगावचा नितीन पुण्यात नोकरीला, सुट्टीत गावी आलेला. त्याने कारला सुपरचार्जर बसवून घेतलेला, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. गाडी अशी सुटायची की त्याची आई एकदाच बसली आणि अर्ध्या वाटेत, तलावाच्या पाळीवर उतरली. तेव्हापासून लाखांदूरला बहिणीकडे यायचं तर एसटीनेच.

"माझ्या गाडीत सगळे बसतात, आईच बसत नाही," नितीन सांगत होता, आणि वर म्हणे, "भाऊ, पंख्याची पुली बदलून द्या. अजून पिकअप पाहिजे."

पुली म्हटल्यावर दौलतभाऊंना पुढचं ऐकायची गरजच काय? त्यांनी मोठी कातली. मी लांब पट्टा चढवला.

*

चार दिवसांनी नितीन तणतणत आत आला. "भाऊ, गाडी बैलबंडीवानी चालून राहिली!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोटर पट्टा ओढते, म्हणून तिची पुली मोठी केली की वेग वाढतो. हा पंखा तर पट्ट्यामुळे फिरतो, त्याची पुली लहान हवी. दौलतभाऊंना मी हे सांगितलं. ते लहान पुली कातायला बसले. एकुलतं एक औषध फसलं म्हणून मला त्यांची दया आली.

पुली तयार झाली. कोमट पुली हातात घेऊन नितीन गाडीकडे वळला. मीही पाना घेऊन मागे निघालो. पुढच्या सीटवर त्याची आई बसलेली.

मी चाटच पडलो. "मावशी, तुम्ही? गाडीत?"

"हो न. बहिणीकडं जाऊन राहिली. आता कशी मस्त चालते," मावशी म्हणाल्या. "अशीच ठेव रे नितीन. मंग मी पुण्याले बी येईन."

नितीनने हातातल्या पुलीकडे पाहिलं. मग त्याने लहान पुली डिक्कीत टाकली, माझ्याकडे पाहून "राहू द्या" म्हणाला आणि गाडीत बसला.

गाडी सावकाश चौकाकडे गेली. दौलतभाऊ दारात हात पुसत उभे होते.

"मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले. "पुली मोठी करा."