साडूचा सबवूफर

सोफेवाला तसा हेवा करणारा माणूस नव्हता. म्हणजे करायचा, पण किरकोळ. धाकट्या भावाचे दाट केस, समोरच्या न्हाव्याकडची गर्दी, असलं काहीबाही. दिवसभर गुडघ्यांवर बसून फोम कापायचा, तोंडात खिळे धरून कापड ठोकायचं, यात हेव्याला सवड कुठली? पण थोरल्या साडूने घरी सबवूफर आणला आणि याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

सबवूफर म्हणजे स्टुलाएवढी काळी पेटी. गाण्यातला खालचा, घुमणारा आवाज तेवढा ती काढते. साडूने ती आणून गुपचूप ऐकली असती तर गोष्ट निराळी. पण त्याने घरी बोलावलं, पेटीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाला, "साडूभाऊ, कानांनी नाही, छातीने ऐका." सोफेवाल्याने छातीने ऐकलं आणि तिथेच जळजळ सुरू झाली.

खरं दुखणं मात्र पेटीचं नव्हतं. लग्न झाल्यापासून रविवारी जेवणं उरकली की तो आणि बायको घरच्या जुन्या स्पीकरांवर गाणी ऐकत बसायची. आठवड्यातली तेवढीच दुपार दोघांची. आता ती ओटा पुसता पुसता म्हणायची, "मी जरा ताईकडे जाऊन येते हं." त्या 'जरा'त दिवेलागण व्हायची. परत यायची ती गुणगुणत.

आपणही काहीतरी आणायचं, असं त्याने ठरवलं. नवे स्पीकर नाहीतर सबवूफर. दोन्ही एकदम झेपण्यासारखं नव्हतं.

"तुमचे स्पीकर केव्हाचे?" स्पीकरवाल्या दुकानदाराने विचारलं.

"लग्नाच्या वेळचे."

"मग आधी ते बदला. नुसता सबवूफर जोडलात तर शरीर पैलवानाचं आणि घसा बसलेला, अशी गत होईल."

"पण साडूकडे सबवूफर आहे."

"त्यांचे स्पीकर कसे आहेत?"

"ते कोण बघतंय? मी त्या पेटीकडेच बघत होतो."

दुकानदाराने हसू दाबलं आणि घरी विचार करून या म्हणाला. सोफेवाला विचार करतच होता, तेवढ्यात साडू आपल्या पायांनी त्याच्या दुकानात आला. चेहरा पडलेला.

"साडूभाऊ, एक अडचण आहे. आमची खोली पडली मोठी आणि मोकळी. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. आवाज नुसता इकडून तिकडे आपटतो. गाण्याचे शब्दच कळत नाहीत. एक ऐसपैस सोफा करून द्या. पडदेही तुम्हीच बघा."

सोफेवाल्याला एवढा आनंद झाला की खिळे गिळायचाच राहिला. त्याच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख होती. दुकानात रेडिओ लावला की आवाज फोमच्या थप्प्यांत शिरून गुडूप व्हायचा. बातम्या ऐकायला कान चिकटवावा लागायचा. म्हणजे साडूच्या आवाजाचा गळा दाबणं त्याच्या हातात होतं, तेही साडूने स्वतः बोलावून.

मग त्याने जीव ओतून काम केलं. भिंतभर लांब सोफा, त्यात नेहमीच्या दुप्पट फोम. पाठ उंच, हात जाडजूड. खिडक्यांना अस्तर लावलेले जड पडदे. उरलेल्या कापडाच्या उशा करून कोपऱ्यात रचल्या. खाली जाड गालिचा. साडू म्हणाला, "एवढं कशाला?" हा म्हणाला, "घरचं काम आहे, हात आखडता कसा घेऊ?"

रविवारी तो बायकोबरोबर मुद्दाम गेला, मयताला जावं तशा गंभीर चेहऱ्याने. साडूने गाणं लावलं.

गाणारीने श्वास घेतला, तोसुद्धा ऐकू आला. शब्दन्‌शब्द सुटा. इकडून तिकडे आपटणारं काहीच उरलं नव्हतं आणि खालून सबवूफर शहाण्यासारखा हलकेच साथ करत होता. मेव्हणीने डोळे मिटले. साडूने याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पेटी माझी, पण कमाल तुमची." बायको नव्या सोफ्यात अशी रुतून बसली होती की तिला उठवायला दोघे लागले असते. सोफेवाल्यावर स्वतःच्याच सोफ्यावर जळायची पाळी आली.

वाटेत त्याला राहवलं नाही. "आता काय, मुक्कामालाच जा तिकडे. मी आणतो आपल्यालाही सबवूफर."

"मला काय करायचाय तो?"

"मग त्यांच्याकडे काय ऐकायला जातेस?"

बायको चालता चालता थांबली. "अहो, तिकडे मला कुणी विचारत नाही. आपल्याकडे गाणं सुरू झालं की तुम्ही उठता, बटण फिरवता, स्पीकर सरकवता. 'आता कसं वाटतंय? आणि आता?' एक गाणं धड ऐकू देत नाही तुम्ही. आणि ते स्पीकर तरी किती खरखरतात. त्यांचंही वय झालं, ते तरी काय करतील बिचारे."

दुसऱ्या दिवशी सोफेवाला दुकानदाराकडे गेला आणि साधे, चांगले दोन स्पीकर घेऊन आला. सबवूफरच्या रांगेकडे बघायचंच नाही म्हणून मान वाकडी करूनच चालला, आणि दाराला धडकला.

पुढच्या रविवारी बायको ओटा पुसून बाहेर आली. चपलांकडे गेली नाही, खुर्चीत येऊन बसली. गाणं सुरू झालं. आवाज स्वच्छ होता. सोफेवाल्याचा हात दोनदा बटणाकडे निघाला, दोनदा त्याने तो मांडीखाली दाबून धरला. कसं वाटतंय, हे तर जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. ते त्याने गिळलं. तिसऱ्या गाण्याला ती गुणगुणायला लागली. आपल्याच घरात.

"छान लागतंय," ती आपणहून म्हणाली. "पुढच्या रविवारी ताई-भाऊजींना बोलवूया का?"

"ताईंना बोलव," सोफेवाला म्हणाला. "भाऊजी कशाला? त्यांच्या घरी एवढा चांगला सोफा आहे, बसू दे त्यांना."