दोन्हीकडून नाही

दौंडची फेथ पाटोळे पुण्यात परदेशी दाव्यांची वकील होती. एकदा कॅनडातल्या एका बापाने व्हिडिओ कॉलवर मुलीच्या ताब्याची सगळी हकिकत तिला सांगितली आणि शेवटी मुलीला घेऊन भारतात निघून आलेल्या बायकोचा फोटो दाखवला. ती फेथच्याच चर्चमधली जॉय निघाली. फेथने लगेच केस सोडली.

रविवारी उपासनेनंतर जॉयने तिचा हात धरला. “ताई, माझ्याकडनं उभ्या ऱ्हावा.”

“त्याचं सगळं ऐकून बसलेय गं. आता तुझ्याकडनंही उभं ऱ्हाता येत न्हाई.”

“मंग मी कुणाकडं जाऊ?”

फेथने दुसऱ्या वकीलबाई गाठून दिल्या. तरी कोर्टाने मुलीला कॅनडाला परत पाठवायला सांगितलं. लेकीपाठोपाठ जॉयही गेली, परक्या कोर्टात भांडायला. जॉयची आई आता चर्चमध्ये फेथला पाहिलं की बाक बदलते, आणि तिचं चुकतंय असं फेथला म्हणवत नाही.