सॅमसनसाहेबांचा कालवा

सॅमसनसाहेब कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतींकडे बघत, मग माणसांकडे. यातली कुठली पाडता येईल, असा हिशेब चालू असावा. मुंबईच्या गोदीत ते हेडक्लार्क होते. इस्रायलला आल्यावर इरियात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत चिकटले. समुद्राकाठच्या आमच्या गावातल्या मराठी माणसांना सरकारी गोष्टी समजावून सांगणं हे त्यांचं काम. भर उन्हाळ्यात गळ्यात टाय, बगलेत नकाशाची गुंडाळी आणि तोंडात एकच विषय.

"हे बघा, माय डियर, जुन्या धक्क्यात दोन कालवे खणायचे. घरासमोर पाणी आलं की घराचा भाव चढतो. भाव चढला की हॉटेलं येतात, हॉटेलांमागे टूरिस्ट, आणि टूरिस्टाला काय लागतं? चहा!"

चहा नेहमी शेवटी येई, कारण समोर रिबकाबाई बसलेली असे. ही माझी शेजारीण, अलिबागकडची विधवा. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हमालांना चहा-भजी विकून तिने एकटीने मुलगी वाढवली. कालव्यासाठी ती शेड पाडायची होती आणि बाई जागची हलायला तयार नव्हती. साहेब रोज येत, तिची भजी खात आणि सांगत, "कालव्याच्या तोंडाशी पहिली जागा तुमची."

मी तिला म्हटलं, "लिहून घे."

"कागद नको मना," ती म्हणाली. "मलिद्यासमोर बोलू दे."

आम्हा मराठी ज्यूंमध्ये नवस-संकल्प एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होतात. गुळखोबऱ्यात कालवलेल्या पोह्यांचा मलिदा, वर फळं, भोवती माणसं. त्या ताटासमोर दिलेल्या शब्दाला कुणी साक्षीदार मागत नाही. साहेब टाय सारखा करून आले, डोक्यावर टोपी घातली, ताटासमोर उभे राहून जागेचा शब्द दिला आणि दोनदा मलिदा मागून घेतला. मी पुन्हा कागदाचं काढलं, तर रिबकाबाई माझ्यावरच चिडली. "अगो बाय, मलिद्यासमोर खोटा कोन बोलंल?"

सॅमसनसाहेब बोलले.

शेड पडली, कालवे झाले. साहेबांचं अर्थशास्त्र चुकलं नाही, याचाच मला जास्त संताप येतो. घरांचे भाव खरोखर चढले, हॉटेलं आली, गोरे टूरिस्ट पाण्यात पाय सोडून बसू लागले. कालव्याच्या तोंडाशी मोठं रेस्तराँ उघडलं. साहेबांना दुसऱ्या मजल्यावर, पाण्यावर बाल्कनी असलेला फ्लॅट मिळाला. रिबकाबाईला त्या रेस्तराँच्या मोरीत भांडी घासायचं काम मिळालं, तेही साहेबांच्या शिफारशीने. हे ते चारचौघांत अभिमानाने सांगत.

एकदा मी त्यांना बाजारात गाठलं. "जागेचं काय झालं?"

"कमिटीने ठरवलं हो. माझ्या हातात काय आहे? आणि गावाचा फायदा बघा ना! मोठ्या कामात एखादा माणूस इकडचा तिकडे होणारच."

मी म्हटलं, "साहेब, तो माणूस प्रत्येक वेळी दुसराच कसा निघतो?" ते हसले. निर्लज्ज माणसाला हसू फार लवकर येतं. मग कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी भांडायला लागले.

गुडघे गेले तेव्हा रिबकाबाई दिमोनाला मुलीकडे राहायला गेली. तिथे वाळवंट, कालवा नाही, धक्का नाही, आणि चहा विकायला अंगात जोर नाही. काही वर्षांनी सॅमसनसाहेब त्यांच्या बाल्कनीतच, आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. सगळी मंडळी त्यांच्या घरी शोकाला बसायला निघाली. मी बसमध्ये बसले आणि दिमोनाला गेले.

बातमी ऐकून रिबकाबाईने गॅस बारीक केला. "बिचारा," ती म्हणाली. "माती नीट झाली ना?"

तिचं मन मोठं आहे. मी मात्र 'बिचारा' म्हटलं नाही. अजूनही म्हणत नाही.